निर्धूर चुलीचे धुराडे : भिंतीतून की छपरातून?

नवी निर्धूर चूल बसवून झाली की पहिला प्रश्न उभा राहतो तो धुराड्याचा. गवंडी बहुधा जवळच्या भिंतीकडे बोट दाखवितो. भोक पाडले, नळाला कोपरा लावला आणि दोन हात नळ बाहेर काढला, की त्याचे काम संपते. घरमालकासही छपराची कौले हलवावयाची नसतात. ज्या गृहिणीस त्या चुलीपुढे रोज दोन वेळा बसावयाचे असते, तिचे मत मात्र या प्रसंगी क्वचितच विचारले जाते. वस्तुतः चूल निर्धूर ठरणार की नाही, याचा निर्णय चुलीच्या घडणीइतकाच या एका निवडीवर अवलंबून असतो.

प्रश्न किरकोळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील चुलीच्या धुरामुळे २०२० मध्ये जगात सुमारे ३२ लाख लोक मृत्युमुखी पडले. त्यांत पाच वर्षांखालील बालके २ लाख ३७ हजारांहून अधिक होती. २०१६ पासून उज्ज्वला योजनेमुळे गॅस पुष्कळ घरांत पोहोचला. तथापि भाकरीसाठी, अंघोळीच्या पाण्यासाठी आणि सिलिंडर संपल्यानंतरच्या दिवसांसाठी चूल खेड्यांत टिकून आहे. ती राहणारच असेल, तर तिचा धूर योग्य वाटेने बाहेर गेला पाहिजे.

धूर बाहेर नेण्याचा विचार या भागात जुना आहे. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. एस. पी. राजू यांनी धुराड्याची चूल तयार केली व १९५० च्या दशकात तिच्यावर पुस्तिकाही लिहिली. वर्ध्याच्या मगनवाडीतून ‘मगन चूल’ प्रसृत झाली. पुढे १९८३ मध्ये केंद्र शासनाने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि २००२ पर्यंत देशात तीन कोटींहून अधिक चुली बसविल्या गेल्याची नोंद झाली. यांपैकी अनेक चुली काही वर्षांतच पडून राहिल्या किंवा मोडून टाकण्यात आल्या. ओरिसातील सुमारे २,६०० कुटुंबांच्या एका दीर्घ पाहणीत (ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली) असे आढळले की, पहिल्या वर्षी धुराचा त्रास कमी झाला, परंतु पुढे चुलींची देखभाल व वापर ढिला पडला आणि लाभ टिकला नाही. या इतिहासाचा बोध चूल बसविणाऱ्यांनी आरंभीच घ्यावयास हवा. जे धुराडे साफ करता येत नाही, ते न बसविल्यासारखेच होय.

धुराडे धूर ओढते कसे, हे समजल्यास निवड सोपी होते. गरम धूर बाहेरच्या हवेपेक्षा हलका असतो. नळात हलक्या धुराचा उभा स्तंभ तयार होतो, तो वर चढतो आणि त्याची जागा घेण्यासाठी चुलीच्या तोंडातून हवा आत शिरते. ही ओढ फार नाजूक असते. नळाची उभी उंची तीन मीटर, धुराची उष्णता १५० अंश सेल्सिअस आणि बाहेरची हवा ३० अंश असेल, तर ओढीचा दाब जेमतेम एक मिलिमीटर पाण्याइतका भरतो. धूर नळातच ६० अंशांपर्यंत थंडावला, तर ओढ जवळजवळ एक-तृतीयांशावर येते. आडव्या नळाने ओढ मुळीच वाढत नाही, उलट घर्षणाने घटते. प्रत्येक कोपरा धुराची गती अडवितो आणि तेथेच काजळी साचते.

थंड हवेच्या देशांत भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्यांवर चालणाऱ्या शेगड्या घरे ऊबदार ठेवण्यासाठी वापरतात. त्यांत विजेचा पंखा धूर बाहेर ढकलतो, म्हणून त्यांचा नळ सरळ भिंतीतून नेता येतो. तरीही वीज गेल्यास धूर खोलीत फिरू नये, यासाठी तेथेही नळाला काही उभी उंची देणे शहाणपणाचे मानतात. मातीच्या चुलीला तर पंखाच नसतो. तिची सारी भिस्त उंचीवर असते.

यास्तव शक्य तेथे धुराडे चुलीच्या मागच्या बाजूने, म्हणजे वैलाच्या पलीकडून, सरळ छपरातून वर न्यावे. नळाचा मोठा भाग घराच्या आत राहिल्याने तो गरम राहतो, ओढ टिकते, आणि वरून काठी किंवा दोरीला बांधलेला बोळा सोडून तो साफ करता येतो. नळाचा व्यास दहा सेंटिमीटर असावा. साडेसात सेंटिमीटरचा नळ स्वस्त पडतो खरा; पण त्यात चहूबाजूंनी अर्धा सेंटिमीटर काजळी बसली, की धुराच्या वाटेचा चौथा हिस्सा बंद होतो. पूर्वी अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे नळ सर्रास वापरीत. ते कापताना उडणारी धूळ फुप्फुसांस घातक असल्याने आता भाजलेल्या मातीचा अगर पत्र्याचा नळ बरा. जुना नळ घरात असल्यास तो करवतीने कापू नये.

छपराची अडचण मात्र खरी आहे. गोवे व बेळगाव भागात मंगळुरी कौलांच्या उतरत्या छपरावर पाऊस धो-धो कोसळतो, आणि नळाभोवतीची फट गळू लागली की घरमालक पहिल्याच पावसाळ्यात धुराडे काढून टाकतो. त्यावर उपाय असा की, एका कौलाच्या जागी भोक पाडलेला पत्रा बसवावा, त्याची वरची कड वरच्या कौलाखाली सरकवावी आणि नळाभोवती पत्र्याची झालर लावावी. नळावर टोपी हवीच. पण टोपी आणि नळाचे तोंड यांत निदान नळाच्या व्यासाइतके अंतर ठेवावे. टोपी घट्ट बसविलेली धुराडी पुष्कळ आढळतात, आणि मग दोष चुलीला दिला जातो. नळाचे तोंड छपरापासून तीन फूट वर आणि दहा फुटांच्या परिसरातील आढ्यापेक्षा दोन फूट उंच असावे, म्हणजे आढ्यावरून घसरणारा वारा धूर खाली दाबीत नाही. वासे व रिपा नळापासून दूर ठेवाव्यात. गवती छपरातून उघडा पत्र्याचा नळ नेणे म्हणजे आगीस निमंत्रण होय. तेथे भिंतीचाच मार्ग पत्करावा. माळवदाच्या घरांत धुरासाठी ठेवलेले सवणे असल्यास तेच धुराड्यास उपयोगी पडते.

भिंतीतून नळ न्यावयाचा ठरल्यास तो भिंतीबाहेर काढून तसाच सोडू नये. अशा नळाचा धूर गल्लीत माणसाच्या उंचीवर सुटतो, शेजाऱ्याच्या खिडकीत शिरतो आणि पुष्कळदा स्वतःच्याच दारातून परत येतो. आडवा भाग शक्य तितका तोकडा आणि बाहेरच्या दिशेने किंचित चढता असावा. बाहेर कोपरा लावून नळ वळचणीच्या वर न्यावा, आणि गवती छपर असल्यास त्यापासून पुरेसा अलग ठेवावा. कोपऱ्याच्या तळाशी उघडता येणारे झाकण ठेवावे, नाहीतर काजळी काढण्यास जागाच उरत नाही. बाहेरचा नळ लवकर थंडावतो व त्यातून डांबरासारखा काळा पाझर गळतो. म्हणून त्याभोवती मातीचा वा विटांचा थर दिल्यास बरे. कोणती भिंत निवडावी, हेही पाहावे. कोकणात व गोव्यात पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिमेची किंवा दक्षिणेची भिंत टाळणे इष्ट.

उंचीचाही अतिरेक नको. फार उंच धुराडे उष्णता भांड्याखालून ओढून नेते, सरपण अधिक लागते आणि गृहिणी कंटाळून जुन्या चुलीकडे वळते. चूल पेटल्यावर तिच्या तोंडाशी उदबत्ती धरावी. उदबत्तीचा धूर शांतपणे आत वळत असेल, तर ओढ पुरेशी आहे; बाहेर रेंगाळत असेल, तर नळ तुंबला आहे किंवा तोकडा आहे. शाळेतील शिक्षकांना हा प्रयोग विद्यार्थ्यांपुढे करून दाखविता येण्याजोगा आहे, आणि ग्रामसेवकांनी चुलीची पाहणी करताना निव्वळ नळ बसविला आहे की नाही एवढेच न पाहता ही परीक्षा घ्यावी.

नळ महिन्यातून निदान एकदा झाडावा. गोवऱ्या, ओल्या पऱ्हाट्या किंवा तुऱ्हाट्या जाळणाऱ्या घरांत पंधरा दिवसांनी झाडणे आवश्यक असते, कारण ओल्या जळणाची काजळी चिकट असते आणि ती पेटल्यास नळ लाल होतो. साफसफाई चूल पूर्ण थंड असताना, नाकातोंडावर ओला फडका बांधून करावी. मृग निघण्यापूर्वी टोपी, झालर व कोपऱ्याचे झाकण एकदा तपासून घ्यावे.