माणूस काटकुळा, मग लिव्हरवर चरबी कशी?



आमच्या शिबिरात पाड्यावरचे एक चाळिशीतले भाऊ आले होते. गालफडं बसलेली, अंगावर मांस नाही. बरेच दिवस उजव्या बरगडीखाली जड वाटतं म्हणून तालुक्याला सोनोग्राफी करून आलेले. कागदावर लिहिलं होतं, 'फॅटी लिव्हर, ग्रेड २'. सोबतच्या रक्ताच्या रिपोर्टात ट्रायग्लिसराइड ६४०. त्यांचा प्रश्न अगदी सरळ होता : "सिस्टर, आमच्याकडे तेलाची बाटली महिनाभर पुरवायची असते. चरबी आली कुठून?"

हा प्रश्न आता वरचेवर येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातून फिरणारी चरबी. उपाशीपोटी ती १५० च्या आत असावी. ती फक्त तेल-तुपातून येते हा मोठा गैरसमज आहे. पोटात गेलेली जास्तीची साखर, भात, मैदा यांची चरबी आपलं यकृत स्वतःच तयार करतं. दारू तर या कामाला आणखी जोर देते. तयार झालेली चरबी काही यकृतातच साठते, काही रक्तात सोडली जाते. चरबीने भरलेलं यकृत सोनोग्राफीच्या पडद्यावर शेजारच्या मूत्रपिंडापेक्षा पांढरट, चकाकतं दिसतं. म्हणजे रक्ताचा कागद आणि सोनोग्राफीचा कागद बहुतेक वेळा एकच गोष्ट सांगत असतात.

पण बारीक माणसात हे कसं? याचं उत्तर आपल्या पुण्यातच मिळालं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचं उंचीच्या मानाने वजन अगदी सारखं होतं. दोघांनी शरीरातली चरबी मोजणारा स्कॅन करून घेतला. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा फोटो आकड्यांसह छापून आला. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांतही हेच दिसलं होतं. बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा सुमारे ८०० ग्रॅमने हलकी, पण कमी भरले होते ते स्नायू. त्वचेखालची चरबी बरीचशी टिकून होती. आईच्या पोटातली उपासमार अशी पुढे चालत येते. (भुकेचा आणि चरबीयुक्त यकृताचा आणखीही एक संबंध आहे. सूज आलेल्या अतिकुपोषित बालकाच्या यकृतातही चरबी साचते, कारण ती बाहेर वाहून न्यायला लागणारी प्रथिनंच कमी पडतात.)

त्या भाऊंकडे परत येते. सकाळी गोड चहा आणि भाकरी खाऊन त्यांनी रक्त दिलं होतं. पाड्यावरून पहिली गाडी पकडणाऱ्याला 'उपाशी या' असं कोणी बजावून सांगितलेलं नसतं. जेवणानंतर हा आकडा चढतो, म्हणून दहा-बारा तास उपाशी ठेवून पुन्हा तपासलं. आकडा उतरला, पण चारशेच्या वरच राहिला. आणि रक्तातली साखर खूप वाढलेली निघाली. मधुमेह आहे हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यातच रोज संध्याकाळी मोहाची. खरं कारण तिथे होतं. अशा वेळी थायरॉईडही तपासावं लागतं. घरच्यांनी मात्र रिपोर्ट पाहून आधी त्यांचं तेल तोडलं होतं. भाताचा ढीग आणि चहातली साखर तशीच चालू!

आकडा ५०० च्या वर गेला की स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते, हजाराच्या पुढे ती फारच वाढते. पोटाच्या वरच्या भागात असह्य कळ, पाठीपर्यंत जाणारी, सोबत उलट्या, असं झालं तर भगताकडे किंवा सलाईन लावणाऱ्याकडे वेळ घालवू नये, थेट मोठ्या दवाखान्यात न्यावं. एरवी घाबरायचं कारण नाही. सुरुवातीच्या टप्प्यातलं चरबीयुक्त यकृत बरंचसं पूर्ववत होतं. बाजारातल्या 'लिव्हर टॉनिक'च्या बाटल्यांवर मजुरीचे पैसे घालवलेले पाहिले की मात्र जीव तुटतो.

त्या भाऊंनी दारू सोडली, मधुमेहाची गोळी सुरू केली, चहा कोरा आणि बिनसाखरेचा. भात निम्मा करून नाचणीची भाकरी, सोबत डाळ. तीन महिन्यांनी आकडा दोनशेच्या आसपास आला. संध्याकाळी दारूच्या वाटेने जायचं नाही म्हणून ते मुलाला घेऊन नदीपर्यंत चालत जातात.

आता थोडं आपल्याकडे. मागच्या नाताळात आपण वाटलेल्या पाकिटांत काय होतं, ते मी यादीत पाहिलं : साखर दोन किलो, मैद्याची बिस्किटं, वनस्पती तूप. प्रेमाने दिलेलं होतं, घेणाऱ्यांनी आनंदाने घेतलं. पण यंदा आपल्या मंडळीतून पाकिटं भरताना साखर अर्धा किलोच ठेवा आणि उरलेल्या जागी शेंगदाणे, हरभरे, मसूरडाळ घाला. लहान मुलांसाठी बिस्किटांऐवजी चिक्की चालेल, तीही थोडीच.