मनगटावरील आकडा किती मानावा?

काही महिन्यांपूर्वी सत्तरीचे एक गृहस्थ मुलासह दवाखान्यात आले. मुलाने त्यांना वाढदिवसानिमित्त स्मार्टवॉच घेऊन दिले होते. सकाळी फिरताना घड्याळाने दाखवलेले १०५ ठोक्यांचे लक्ष्य काही केल्या गाठता येईना, म्हणून ते चालीचा वेग वाढवत गेले. अखेर घेरी आली आणि बाकावर बसावे लागले. घड्याळात तेव्हाही ८८ ठोकेच दिसत होते.

“डॉक्टर, बाबांची बीपीची गोळी थोडे दिवस बंद ठेवू का?” मुलाने विचारले.

मी ठाम नकार दिला. ते मेटोप्रोलॉल घेत होते. हे औषध हृदयाची गती आवर्जून कमी राखते. ते एकाएकी थांबवल्यास रक्तदाब उसळू शकतो, छातीतही दुखू शकते. घड्याळाला त्यांचे वय ठाऊक होते, औषध नव्हे.

हे लक्ष्य ठरते तरी कसे? २२० मधून वय वजा केले की कमाल ठोक्यांचा ढोबळ अंदाज मिळतो. सत्तराव्या वर्षी तो १५० येतो. मध्यम व्यायामात त्याच्या ५० ते ७० टक्के, म्हणजे मिनिटाला ७५ ते १०५ ठोके अपेक्षित असतात. परंतु हा सरासरीचा हिशेब आहे. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल यांसारखी औषधे घेणाऱ्यांनी, तसेच पेसमेकर किंवा अनियमित नाडी असणाऱ्यांनी आपली मर्यादा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी.

घड्याळ हिरव्या प्रकाशाच्या साहाय्याने त्वचेखालील रक्तप्रवाहाचे चढउतार टिपते. पट्टा सैल असला, हात गार पडले किंवा हाताची फार हालचाल झाली, तर आकडा चुकतो. पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, घट्ट पण वळ न उठेल असा बांधावा. शंका आल्यास थांबून अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटे ठेवावीत, ३० सेकंद ठोके मोजावेत व दुप्पट करावेत. नाडी अनियमित लागल्यास पूर्ण मिनिटभर मोजावी आणि डॉक्टरांना दाखवावे.

याहून सोपी कसोटी आपल्या श्वासाची आहे. चालताना सोबत्याशी बोलता यावे, मात्र गाणे म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरेसा असतो.

छातीत दडपण, जबड्यात किंवा हातात कळ, अचानक दम, घेरी अथवा दरदरून घाम आल्यास आकडा काहीही असो, तत्काळ थांबावे. त्रास ओसरत नसेल तर विनाविलंब १०८ क्रमांकावर फोन करावा. मनगटावरील घड्याळाच्या भरवशावर हृदयविकाराचा झटका नाही असे समजू नये. मधुमेही ज्येष्ठांना तर छातीत न दुखताही झटका येऊ शकतो.

घरच्यांना एक विनंती आहे. संध्याकाळी “आज किती ठोके झाले?” असे विचारण्याऐवजी “चालताना बरं वाटलं ना?” असे विचारावे. घड्याळातील नोंदी आणि औषधांची यादी मात्र पुढच्या तपासणीला अवश्य सोबत आणावी.

ते गृहस्थ आजही घड्याळ बांधून फिरायला जातात. त्यांची गोळी चालू आहे, आणि १०५ चा पाठलाग त्यांनी सोडून दिला आहे.