वसतिगृहाचा मोकळा महिना

शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि एप्रिलात संपते, असा हिशेब आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या मांडला जात असला, तरी वसतिगृह चालविण्याची जोखीम ज्यांच्या शिरावर असते त्या रेक्टर, लेखनिक आणि शिपाई मंडळींचे वर्ष सुरू होते ते शेवटचा पेपर सुटल्याच्या संध्याकाळी. कारण विद्यार्थ्यांची जबाबदारी ज्या दिवशी संपते त्याच दिवशी इमारतीची जबाबदारी उघडी पडते. गाद्यांखाली, कपाटांमागे आणि न्हाणीघरांच्या कोपऱ्यांत दहा महिने जे जे दडलेले असते ते ते खोल्या मोकळ्या होताच एकदम दृष्टीस पडते. आणि ते सारे निस्तरून तितक्याच नव्या-जुन्या मुलांसाठी वास्तू पुन्हा सिद्ध करायला हाती काय असते, तर फार झाले तर एक महिना.

वसतिगृह ही संस्था महाराष्ट्राला नवी नाही. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि त्यामागोमाग त्या नगरीत निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी बोर्डिंगे उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका छपराखाली आणणारे बोर्डिंग सुरू केले. आणि १९५५ साली पुण्यात अच्युतराव आपट्यांनी विद्यार्थी सहाय्यक समितीच्या रूपाने खेड्यापाड्यांतून येणाऱ्या गरजू विद्यार्थ्यांची सोय केली. या थोर परंपरेचा इतिहास लिहिताना कोण तेथे राहून शिकला आणि पुढे किती मोठा झाला, याची नोंद आपण आवर्जून केली. त्याने खोली कोणत्या अवस्थेत सोडली आणि त्याच्यामागून आलेल्याने ती कशी ताब्यात घेतली, ही बाब मात्र जडसंग्रह नोंदवहीच्या पिवळ्या पानांपलीकडे कधी गेली नाही.

या मोकळ्या महिन्याच्या मानगुटीवर दोन वेळापत्रके बसलेली असतात, एक विद्यापीठाचे आणि दुसरे पावसाचे. गच्चीची गळती काढणे, भिंतींना रंग देणे, गटारे उपसणे ही कामे कोरड्या हवेतच व्हावयाची. आणि मृग नक्षत्र तर जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस लागते. परीक्षा वेळेवर आटोपल्या तर मे महिना मोकळा सापडतो. त्या लांबल्या, आणि त्या हल्ली लांबतातच, तर रंगाऱ्याची शिडी ओल्या भिंतीला लागते आणि गणपतीपूर्वीच त्या रंगाचे पोपडे निघू लागतात. मग व्यवस्थापक रंगाऱ्याला दोष देतो आणि रंगारी चुन्याला. परीक्षा पुढे ढकलणाऱ्या परिपत्रकाकडे कोणाचेच लक्ष जात नाही.

नवखा व्यवस्थापक खोल्या रिकाम्या झाल्याबरोबर झाडू मागवितो. मुरलेला मनुष्य प्रथम नोंदवही मागवितो. आधी सामानाची रुजवात, मग सुतार, नळवाला आणि तारतंत्री यांची कामे, नंतर कीटकनाशकाची फवारणी, त्यानंतर भेगा बुजवून रंग, आणि झाडणे-धुणे सर्वांत शेवटी, हा क्रम ज्याने एकदा उलटा केला त्याला सुताराचा भुसा आणि रंगाऱ्याचे शिंतोडे यांपायी तीच खोली पुन्हा धुवावी लागते. आणि दीडदोनशे खोल्यांच्या वसतिगृहात असे दुहेरी काम म्हणजे सफाई कामगारांच्या कष्टांचा नाहक अपव्यय होय. सुट्टीत सगळे गावी जातात तेव्हा हीच माणसे भर उन्हात राबत असतात, हेही येथे नमूद केले पाहिजे. बहुतेक ठिकाणी ती कंत्राटी असतात आणि वार्षिक अहवालातील आभारांच्या यादीत त्यांचे नाव क्वचितच सापडते.

खोलीची पाहणी ही एक स्वतंत्र विद्या आहे. खिडकीची तावदाने, दाराची कडी-कोयंडा, पंख्याचा रेग्युलेटर, कॉटच्या फळ्या, मेज, खुर्ची, कपाटाच्या किल्ल्या या गोष्टी कोणीही मोजील. परंतु अनुभवी रेक्टरची नजर प्रथम विजेच्या बोर्डाकडे वळते. प्लगचे प्लॅस्टिक तपकिरी पडून किंचित वितळले असेल, तर त्या खोलीत पाणी तापविण्याची बंदी असलेली कांडी हिवाळाभर चालली, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. आणि त्या बोर्डाची बदली हा केवळ दुरुस्तीचा नव्हे, तर पुढच्या मुलाच्या जिवाचा प्रश्न असल्यामुळे तो ती सर्वांआधी करून घेतो. मोरीची जाळी उचलून तो केसांचा गुंता पाहतो, आणि कॉट उलटी करून तिच्या सांध्यांवर काळे ठिपके आहेत काय, हे पाहतो. ते असतील तर ढेकूण आहेत.

ढेकणांविषयी दोन शब्द अधिक लिहिणे भाग आहे, कारण वसतिगृहाची अब्रू शेवटी यांच्याच हाती असते. खोली महिनाभर रिकामी राहिली म्हणजे ढेकूण उपाशी मरतील, हा समज सर्वस्वी चुकीचा आहे. अनुकूल हवेत हा जीव अन्नावाचून कित्येक महिने तग धरतो. फवारणीने मोठे ढेकूण मेले तरी अंडी बहुधा वाचतात आणि आठदहा दिवसांत त्यांतून पिले बाहेर पडतात. म्हणून सुमारे दोन आठवड्यांनी दुसरी फवारणी केली नाही, तर पहिल्या फवारणीचा खर्च पाण्यात गेला असे समजावे. सुमारे ५० अंश सेल्सिअस उष्णतेत अंड्यांसह सारे मरतात, आणि कॉटच्या सांध्यांत कढत पाणी ओतण्याची आपल्या आज्यांची रीत या दृष्टीने अगदी शास्त्रशुद्ध होती. नुसते अंगणात ऊन दाखविल्याने मात्र जाड गादीच्या पोटात तेवढी उष्णता पोहोचेलच, याचा भरवसा नाही.

खरा तंटा उद्भवतो तो अनामत रकमेवरून. मूल येते तेव्हा सामानाच्या यादीवर त्याची सही घेतली जाते, पण ती यादी खोलीत उभे राहून तपासलेली नसते. ते जाते तेव्हा पाहणी होते, पण ती त्याच्या पश्चात. मग तावदान गेल्या वर्षी फुटले की यंदा, याचा निवाडा ज्याच्या हाती पैसे आहेत तोच करतो. शिवाय ग्रंथालय, प्रयोगशाळा, खाणावळ आणि वसतिगृह अशा सर्व दफ्तरांतून बेबाकी दाखला मिळाल्याखेरीज रक्कम परत मिळत नाही. आणि रात्रीच्या गाडीचे तिकीट खिशात घालून, ट्रंक फाटकाशी ठेवून, त्या एका सहीसाठी भर दुपारी या दारातून त्या दारात हिंडणारा विद्यार्थी शेवटी कंटाळून निघून जातो आणि त्याची अनामत संस्थेच्या खात्यात पडून राहते. ज्या संस्था शेवटच्या पेपरापूर्वीच प्रत्येक खोलीला पाहणीची वेळ नेमून देतात, पाहणी मुलाच्या समक्ष करतात आणि कपातीचा तपशील तेथेच लिहून देतात, त्यांच्याकडे हे भांडण सहसा होत नाही. यात खर्च काहीच नाही. लागते ती फक्त शिस्त.

मागे राहिलेल्या वस्तूंचा ढीग हा आणखी एक अध्याय. बादल्या, मग, फाटक्या गाद्या, अभियांत्रिकीच्या मुलांची ड्राफ्टरे, मार्गदर्शके, आणि मालक परत येईल या आशेवर पावसाळ्यामागून पावसाळे गंजत उभ्या असलेल्या सायकली. पूर्वी हे सामान वरच्या वर्गातल्या मुलाकडून खालच्याकडे अर्ध्या-पाव किमतीत जात असे आणि ती पद्धत उत्तम होती. ती जिवंत ठेवायची तर जाणारे जाण्यापूर्वी आणि राहणारे असतानाच एक दिवस त्यासाठी ठेवावा लागतो. तो दिवस चुकला की उरतो रद्दीवाला आणि भंगारवाला.

मुले बाहेर पडतात ती एका आठवड्यात. आत येतात ती मात्र टप्प्याटप्प्याने. बारावीचा निकाल, सीईटी, मग केंद्रीभूत प्रवेशाच्या फेऱ्या असे करीत व्यावसायिक अभ्यासक्रमांचे प्रवेश ऑगस्टपर्यंत रेंगाळतात. पहिल्या फेरीत आलेला मुलगा दुसऱ्या फेरीत चांगले महाविद्यालय मिळाले म्हणून गादी गुंडाळून निघून जातो, आणि त्या खोलीची पाहणी, सफाई, किल्ली हे सारे सोपस्कार पुन्हा करावे लागतात. जुन्या विद्यार्थ्यांचा निकाल लागला नसेल तर त्यांच्या जागा अडकून पडतात. त्यातच रॅगिंगच्या प्रतिबंधासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली केलेल्या नियमांनुसार प्रथम वर्षाच्या मुलांना शक्यतो निराळ्या इमारतीत ठेवावयाचे असते. अशा स्थितीत खोली आणि कॉट यांचे क्रमांक आधीच नेमून न देता, जो प्रथम येईल त्याला खिडकीजवळची जागा, असा कारभार करणारा रेक्टर वर्षभराच्या कटकटीचे बी पहिल्याच दिवशी पेरतो.

पुण्याच्या सदाशिव-नारायण पेठांतील ‘कॉट बेसिस’वरच्या खोल्यांना तर मोकळा महिना असा नसतोच. स्पर्धा परीक्षांचे वेळापत्रक आणि निकाल यांच्या भरती-ओहोटीप्रमाणे तेथे बाराही महिने माणसे बदलतात. संध्याकाळी रिकामी झालेली कॉट सकाळी दुसऱ्याच्या नावे लागते, आणि मधल्या रात्रीत चादर बदलण्यापलीकडे काही घडत नाही. येथील व्यवहार बहुधा तोंडी असतो. चारपाच मुले मिळून फ्लॅट घेतात तेव्हा मात्र एक गोष्ट त्यांनी ध्यानात ठेवावी, की महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम ५५ अन्वये लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, तो नोंदविण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि करार नोंदलेला नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. हे कलम ठाऊक नसल्यामुळेच अनेक अनामती बुडतात, असे माझे मत आहे.

परदेशी सारे सुरळीत असेल, या भ्रमातही कोणी राहू नये. अमेरिकेतील बॉस्टन शहरात, जेथे शिकण्यास जाणाऱ्या मराठी मुलामुलींची संख्या थोडी नाही, घरभाड्याचे बहुसंख्य करार १ सप्टेंबरलाच पालटतात. त्या दिवशी ऑल्स्टन भागाच्या पदपथांवर सोफे, मेजे, गाद्या यांचे ढिगारे लागतात, सामानाचे ट्रक स्टोरो ड्राइव्ह या रस्त्यावरील बुटक्या पुलांखाली अडकतात, आणि फुकट मिळणाऱ्या या खजिन्याला तेथील लोक थट्टेने ‘ऑल्स्टनचा नाताळ’ म्हणतात. महापालिकेची माणसे त्या गाद्यांवर इशाऱ्याच्या चिठ्ठ्या चिकटवीत फिरतात. इशारा अर्थातच ढेकणांचा.

येत्या जूनमध्ये ज्यांची मुले-मुली प्रथमच घराबाहेर राहण्यास जाणार आहेत त्या पालकांना एवढीच विनंती, की ट्रंक खोलीत ठेवण्यापूर्वी यादी हातात घेऊन प्रत्येक वस्तू स्वतः पाहावी, जे मोडके असेल ते ‘मोडके’ म्हणून यादीवर लिहून मगच सही करावी, भिंतींची आणि विजेच्या बोर्डाची छायाचित्रे त्याच दिवशी काढून ठेवावीत, आणि अनामत रक्कम किती दिवसांत परत मिळेल हे पावतीवर लिहून घ्यावे. लिहून देण्यास जो व्यवस्थापक नकार देईल, त्याच्याकडे मूल ठेवण्यापूर्वी दुसरी जागा शोधावी.