विश्लेषण : दोन तज्ज्ञांनी नाकारलेला शोधनिबंध पाठ्यपुस्तकापर्यंत कसा पोहोचला?

अन्नसाखळीत खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर जाताना जेमतेम १० टक्के ऊर्जा पुढे सरकते, हे शाळेतच शिकवले जाते. महाराष्ट्रात नववीच्या विज्ञानात परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाहाचा स्वतंत्र पाठ आहे. या विचाराचा पाया घालणारा शोधनिबंध मात्र १९४१ मध्ये छापण्यायोग्य नाही, असे ‘इकॉलॉजी’ या अमेरिकी नियतकालिकाच्या दोन्ही परीक्षकांचे मत होते. पुढे तो प्रसिद्ध झाला, पण तोवर लेखक हयात नव्हता. परिसंस्थाशास्त्रात नवी कल्पना छापून आणणे एवढे अवघड का असते, हे समजून घ्यायला याहून चांगले उदाहरण नाही.

निबंध कोणाचा, त्यात काय होते?

रेमंड लिंडमन हा मिनेसोटा विद्यापीठाचा तरुण संशोधक. सीडर बॉग लेक या लहानशा, उथळ, गाळाने भरत चाललेल्या तळ्यावर त्याने पाच वर्षे काम केले. पाण्याचे, गाळाचे, शेवाळाचे, किड्यांचे नमुने गोळा करण्यात पत्नी एलिनॉर त्याच्यासोबत असे. इथवर हे काम त्या काळच्या इतर तलाव-अभ्यासांसारखेच होते. कोणत्या तळ्यात कोणते जीव, किती, कोणत्या ऋतूत, याच्या याद्या तेव्हा अनेक जण करत होते.

लिंडमनने त्या यादीचे रूपांतर हिशेबात केले. कोण कोणाला खातो, एवढ्यावर न थांबता प्रत्येक पायरीवर किती ऊर्जा येते, किती श्वसनात खर्च होते आणि किती वर जाते, हे त्याने कॅलरीत मांडले. वनस्पती, त्यांना खाणारे, त्या खाणाऱ्यांना खाणारे, अशा पोषण पातळ्या त्याने पाडल्या. मेलेल्या जीवांवर जगणारे सूक्ष्मजीव आणि गाळ यांनाही हिशेबात जागा दिली. सजीव आणि निर्जीव मिळून एकच व्यवस्था, हा अर्थ सांगणारा ‘इकोसिस्टीम’ हा शब्द ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टान्सली यांनी १९३५ मध्ये याच नियतकालिकात मांडला होता. त्या शब्दाला आकड्यांचा आधार दिला तो लिंडमनने.

परीक्षकांचा आक्षेप काय होता?

शोधनिबंध छापण्याआधी त्याच विषयातील तज्ज्ञांकडून तपासून घेतला जातो. यालाच ‘पीअर रिव्ह्यू’ म्हणतात. लिंडमनचा निबंध गेला तो चान्सी जुडे आणि पॉल वेल्च यांच्याकडे. दोघेही तलाव-अभ्यासातील बडी नावे. दोघांच्या म्हणण्याचा आशय एकच होता : सिद्धांत फार, माहिती थोडी. प्रत्येक तलावाचा स्वभाव वेगळा. एका तळ्यावरून सर्वांना लागू होईल असे सूत्र काढणे घाईचे आहे. आधी भरपूर मोजमापे जमवा, तर्क नंतर.

यातला गमतीचा भाग असा की, लिंडमनने तुलनेसाठी वापरलेल्या विस्कॉन्सिनमधील मेंडोटा तलावाच्या आकडेवारीचा आधार खुद्द जुडे यांचे काम होते. वर्षानुवर्षे आकडे जमवणाऱ्याला त्याच आकड्यांतून कुणी तरुण काही वेगळेच वाचतो आहे, हे रुचले नसावे, असे म्हणायला जागा आहे.

मग तो प्रसिद्ध कसा झाला?

लिंडमन तेव्हा येल विद्यापीठात जी. एव्हलिन हचिन्सन यांच्याकडे आला होता. हचिन्सन यांनी संपादक थॉमस पार्क यांना सविस्तर पत्र लिहून निबंधाची बाजू मांडली. नेमके काय मोजायचे, हेच ठाऊक नसेल तर मोजमापांचे ढीग कशाला, असा त्यांचा मुद्दा होता. लिंडमननेही निबंधात सुधारणा केल्या. पार्क यांनी काही महिन्यांनी दोन्ही परीक्षकांचा सल्ला बाजूला ठेवून निबंध स्वीकारला. योग्य-अयोग्य काय ते काळ ठरवील, अशी त्यांची भूमिका होती.

संपादकाचे काम परीक्षकांची मते मोजण्याचे नसते, तर तोलण्याचे असते, याचा हा नमुना.

लिंडमनला यकृताचा आजार जडला होता. २९ जून १९४२ रोजी, वयाच्या २७व्या वर्षी तो गेला. निबंध ऑक्टोबर १९४२च्या अंकात आला. शेवटी हचिन्सन यांनी त्याच्या निधनाची टीप जोडली.

परीक्षक चुकलेच होते का?

पूर्णपणे नाही. निबंधातच पाहिले तर सीडर बॉग लेकमध्ये वनस्पतींकडून शाकाहारी जीवांकडे १३.३ टक्के आणि त्यांच्याकडून पुढच्या पातळीवर २२.३ टक्के ऊर्जा जाते, असे आकडे आहेत. मेंडोटात हेच प्रमाण ८.७ आणि ५.५ टक्के. म्हणजे ‘१० टक्क्यांचा नियम’ या तक्त्यात शोधूनही सापडत नाही. ही सरासरी नंतरच्या अभ्यासांतून आणि पाठ्यपुस्तकांतून रुळली. वर जाताना कार्यक्षमता वाढत जाते, हा लिंडमनचा अंदाजही सर्वत्र लागू पडला नाही. आकडे कच्चे आहेत, हे परीक्षकांचे म्हणणे खरेच होते.

तरीही निबंधाने प्रश्न विचारण्याची पद्धत बदलली. समुद्रातून किती मासळी निघू शकते, याचे अंदाज बांधतानाही पुढे हीच चौकट वापरली गेली. कच्च्या आकड्यांसाठी चौकटच नाकारली असती, तर आकडे पक्के करायला कुणी निघाले असते का?

आज चित्र बदलले आहे का?

काही प्रमाणात. ‘इकॉलॉजी लेटर्स’सारख्या नियतकालिकात कल्पना आणि दृष्टिकोन मांडणाऱ्या लेखांसाठी वेगळा विभाग आहे. २०१३ पासून ‘बायोआर्काइव्ह’वर तपासणीआधीच निबंध सर्वांसाठी खुला करता येतो. त्यामुळे कल्पना कुणाची आणि कधीची, याची नोंद तरी राहते. अर्थात असा निबंध कुणी तपासलेला नसतो, हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवायला हवे.

भारतातील संशोधकांपुढे अडचण काय?

निरीक्षणे छापण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मुंबईतील बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे नियतकालिक १८८६ पासून निघते. कुठे कोणता पक्षी दिसला, कोणत्या सापाने काय गिळले, अशा टिपणांनाही त्यात मान असतो. प्रश्न येतो तो कल्पनेचा. वाचण्याची सोय ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेमुळे वाढली आहे. सहा हजार कोटी रुपयांच्या या योजनेतून सरकारी शिक्षण व संशोधन संस्थांना ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार नियतकालिके खुली होतात. मात्र ही योजना प्रामुख्याने वाचनासाठी आहे. अनेक खुल्या नियतकालिकांत निबंध छापण्यासाठी लेखकाकडून शुल्क घेतले जाते आणि ते भल्याभल्या विभागांना झेपत नाही.

त्यात वेळेचे गणित. पीएचडीसाठी यूजीसीची शिष्यवृत्ती मिळते ती पाच वर्षे. सह्याद्रीच्या सड्यावरची फुले किंवा पावसाळी डबक्यांतले बेडूक अभ्यासणाऱ्याला तेवढ्यात पावसाळे मिळतात पाचच, आणि त्यातला एखादा कोरडा जातो. चौथ्या वर्षी काही नवे सुचले आणि परीक्षकाने ‘आणखी आकडे आणा’ असे लिहून पाठवले, तर पुढचा पावसाळा येईपर्यंत शिष्यवृत्ती संपत आलेली असते.