खरा मिना, खोटा मिना

घरात इनॅमलचा जुना मग किंवा परात असेल तर ती जरा उजेडात धरून पाहा. काठाचा टवका उडून आतला काळा पत्रा उघडा पडलेला दिसेल. भांड्यावरचा तो थर रंगाचा नव्हे, काचेचा आहे. काचेची पूड धातूवर पसरून सुमारे ८०० अंश सेल्सियसला भट्टीत तापवली, की ती वितळून धातूला घट्ट धरते. यालाच मिना म्हणतात.

मोटारींच्या तोंडावरचे बिल्लेही एके काळी असेच घडवीत. जर्मनीच्या बी. एम. डब्ल्यू. कंपनीची निळी-पांढरी चकती तुम्ही पाहिली असेल. हे चिन्ह १९१७ साली नोंदवले गेले आणि त्यातले रंग बव्हेरियाचे आहेत. (ते विमानाच्या फिरत्या पंख्याचे चित्र आहे ही समजूत १९२९ च्या एका जाहिरातीने पसरवली!) कंपनीचे सुरुवातीचे बिल्ले मिन्याचे होते. जुन्या गाड्यांचे शौकीन अशा बिल्ल्याला चांगली किंमत देतात. साहजिकच काचेऐवजी एपॉक्सी राळ किंवा साधा रंग भरलेले बिल्लेही ‘अस्सल’ म्हणून खपवले जातात. मग ओळखायचे कसे?

प्रथम भिंग घ्या. नकली बिल्ल्यात पुष्कळदा राळेचा पारदर्शक घुमट सगळ्या बिल्ल्यावर ओतलेला असतो. धातूच्या रेषा त्याच्याखाली बुडालेल्या दिसतात. मिन्याच्या बिल्ल्यात रेषा उघड्या असतात व काच त्यांच्यामधल्या खाचांत बसलेली असते. नुसता रंग भरला असेल, तर तो वाळून रेषांच्या खाली बसतो आणि नखाला चढउतार लागतो. काही कारागीर मात्र राळही घासून रेषांच्या पातळीला आणतात. तिथे भिंग आणि नख दोन्ही फसतात.

अशा वेळी बिल्ल्याच्या जखमा पाहाव्यात. माझ्या मते हीच सर्वांत भरवशाची खूण. काच ठिसूळ असते. तिचा टवका उडाला तर खळगा शिंपल्यासारखा गोलसर आणि धारदार कडांचा होतो. राळ मऊ असते. तिच्यावर ओरखडे उठतात, उन्हाने ती पिवळी पडते, कधी पापुद्र्यासारखी सुटते. मिन्याचा निळा रंग काचेत विरघळलेल्या कोबाल्टच्या ऑक्साइडचा असतो, म्हणून तो वर्षानुवर्षे उन्हात राहूनही फिका पडत नाही.

टाचणीचे टोक राळेत रुतते, काचेवरून घसरते. पण दुसऱ्याच्या बिल्ल्यावर हा प्रयोग करू नका! ‘खरा बिल्ला हाताला गार लागतो’ असेही सांगतात. काच राळेपेक्षा उष्णता लवकर वाहून नेते हे खरे. पण दोन्हींखाली धातू असतोच, आणि थर पातळ. या खुणेवर फारसे विसंबू नये.

आता बिल्ला उलटा करा. तापवून थंड होताना तांबे काचेपेक्षा अधिक आकसते. पातळ पत्र्याला एकाच बाजूने काच दिली तर तो वाकतो, काच तडकते. म्हणून अशा बिल्ल्यांच्या पाठीलाही अनेकदा काचेचा थर देत आणि पत्रा किंचित फुगीर ठेवीत. पाठीवर असा थर दिसला, तर बिल्ला भट्टीतून गेला असण्याचा संभव मोठा. थर नसला म्हणून मात्र तो खोटा ठरत नाही. जाड पत्र्याला त्याची गरज नसते.

एवढ्याने काच ओळखता येईल, वय नव्हे. खऱ्या मिन्याच्या प्रतिकृती आजही बनतात. उलट, पुढे कंपनीने मिना सोडून ॲल्युमिनियमचे हलके बिल्ले वापरले. १९८० च्या दशकातल्या गाडीचा ‘मूळचा’ म्हणून कोणी मिन्याचा बिल्ला पुढे केला, तर त्यातली काच अस्सल असेल. पण तो बिल्ला त्या गाडीचा नव्हे.