उपनगरातला साप आणि उसातला साप



सर्पदंशाचा विषय निघाला की शिवारात एक वाक्य हमखास ऐकू येते, "साप आपल्या नशिबी, मुंबईकराला त्याचं काय!" ही समजूत बरोबर नाही. आपल्या पुष्कळ सभासदांची मुले घाटकोपर, मुलुंड, बोरीवलीकडे नोकरीला आहेत. त्या बाजूला जाणे झाले तेव्हा आम्ही मुद्दाम चौकशी केली. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणजे शंभर चौरस किलोमीटरहून अधिक जंगल. त्याच्या एका अंगाला बोरीवली, कांदिवली, गोरेगाव आणि दुसऱ्या अंगाला मुलुंड, भांडुप अगदी खेटून. गोरेगावला १९४९ सालची आरे दूध वसाहत, तिथे तबेले, गवताचे मळे, आदिवासी पाडे. तबेला तिथे उंदीर आणि उंदीर तिथे साप, हा हिशेब उसाच्या फडात आहे तोच.

मुलुंडला डोंगराच्या पायथ्याच्या एका सोसायटीत आम्ही उतरलो होतो. पहिला पाऊस झालेला. रात्री जिन्याखाली पट्ट्यापट्ट्यांचा साप दिसला आणि "मण्यार, मण्यार" अशी ओरड झाली. पहारेकरी काठी घेऊन धावला. तेवढ्यात कोणी सर्पमित्राला बोलावले. तो गृहस्थ आला, बॅटरी टाकली आणि म्हणाला, "अहो, कवड्या आहे हा." बिनविषारी कवड्या मण्यारीच्या नावाने किती मेले असतील याची मोजदाद नाही. फरक असा: कवड्या तपकिरी, त्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यार काळी-निळसर, चकचकीत. तिचे पांढरे बारीक पट्टे बहुधा जोडीजोडीने असतात, डोक्यापासून काही अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होतात.

महाराष्ट्रात माणसे दगावतात ती मुख्यतः चार जातींमुळे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. हे चारही उपनगरांच्या परिसरात आहेत. नागाची ओळख सांगायला नको, मात्र फणा काढला नाही तर धामण आणि नाग यात भले भले फसतात. धामणीचा डोळा मोठा, अंग सडपातळ, ओठावर काळ्या रेघा. (धामण गाईच्या पायाला वेटोळे घालून दूध पिते ही गोष्ट खोटी आहे. सापाला दूध ओढताच येत नाही. उलट फडातले उंदीर खाऊन ती आपलाच फायदा करते.) घोणस जाडजूड, डोके त्रिकोणी, पाठीवर साखळीसारख्या ठिपक्यांच्या तीन ओळी, आणि कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार. पाचटात पडून राहिली तर हातभर अंतरावरून दिसत नाही. फुरसे वीतदीड वीत ते हातभर, डोक्यावर बाणासारखी खूण, अंगाचे खवले घासून खरखर आवाज करते. कोकणात आणि खडकाळ माळावर जास्त. बोरीवलीच्या जंगलात याखेरीज हिरवा चापडा आहे. त्याच्या दंशाने सूज फार येते, पण माणूस क्वचितच दगावतो.

आम्हांला सर्वांत जास्त धास्ती मण्यारीची वाटते, आणि ती ऊसतोड टोळ्यांसाठी. मण्यार रात्री फिरते, उबेला जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते. दंश मुंगी चावल्याइतकाही जाणवत नाही. ना सूज, ना रक्त. पहाटे पोटात दुखते, घसा धरतो, पापण्या जड होतात. लोक म्हणतात, रात्रीचे काही बाधले. असाच पोटदुखीचा एक प्रसंग आमच्या पाहण्यात आला. बाईला लिंबू-सोडा पाजून कोपीतच निजवले होते. मुकादमाने तिच्या पापण्या मिटत चाललेल्या पाहिल्या आणि हट्टाने गाडीत घातली, म्हणून ती वाचली. दवाखान्यात पोहोचेतो तिला बोलता येत नव्हते. तेव्हा टोळीसाठी बाजा किंवा निदान नीट खोचलेली मच्छरदाणी मिळते का हे पाहणे, ही खर्चाची बाब समजू नये.

औषधाचे म्हणाल तर ते एकच. परळचे हाफकिन ही १८९९ सालची संस्था. घोड्यांना थोडे थोडे विष टोचून त्यांच्या रक्तातून जी लस तयार होते, तिचे काम तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. ही लस चारही जातींवर एकत्र चालते. म्हणून साप ओळखता आला तर उत्तम, पण त्यासाठी तो मारून पिशवीतून दवाखान्यात नेण्याचे काहीच कारण नाही. मेलेला साप चावल्याचीही उदाहरणे आहेत. डॉक्टर लक्षणांवरून ठरवतात. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त वीस मिनिटे स्थिर ठेवतात. गोठले नाही तर विष घोणस-फुरशाच्या जातीचे. लस घरी आणून ठेवण्याची वस्तू नव्हे, कारण तिचीच उलट बाधा होऊ शकते आणि त्यावरचे इंजेक्शन हाताशी लागते.

दंश झाल्यावर कापू नये, चोखू नये, करकचून दोरी बांधू नये. अंगठ्या, जोडवी, पाटल्या काढाव्यात, सूज आल्यावर त्या निघत नाहीत. हाड मोडल्यावर बांधतो तशी फळी लावून हातपाय हलू देऊ नये. गाडी मिळाली नाही तर मोटारसायकलवर रोग्याला मध्ये बसवून मागच्याने धरावे, पण निघावे. १०८ नंबर फिरवावा. मुलुंडच्या माणसाला घाटकोपरचे राजावाडी जवळ आहे, आपल्या वाडीवरून तालुक्याचे गाव लांब आहे. मांत्रिकाकडे घालवलेला एक तास म्हणूनच आपल्याला दुपटीने महाग पडतो. बिनविषारी सापाच्या जोरावरच मंत्राला यश येते, हे आमचे स्पष्ट मत आहे.

देशात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार माणसे गेली असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यांतली.

हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक गटातील सभासदांनी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लस शिल्लक आहे का, हे समक्ष जाऊन विचारावे. घरात साप निघाल्यास वनखात्याचा १९२६ नंबर आहे. साप मारणे १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि दुर्दैवाने शेतकरी दगावलाच, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत वारसांना दोन लाख रुपये मिळतात, सर्पदंश त्यात धरला आहे. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे करावा. कागदपत्रे जमवण्यास आमच्या गट कार्यालयातील कर्मचारी मदत करतील.