पाण्याखालील छायाचित्रणात स्ट्रोबची निवड व वापर : जव्हार-मोखाड्यातील ओढे आणि मालवणचा समुद्र

प्रस्तावना :
जलचरांची नोंद ठेवताना छायाचित्र हा पुरावा मानला जातो. अनेक माशांची ओळख अंगावरील पट्टे, ठिपके व रंगछटा यांवर अवलंबून असल्याने रंग हरवलेले छायाचित्र जातिनिश्चितीस अपुरे ठरते. पाण्याखाली खरा रंग मिळवून देणारे साधन म्हणजे स्ट्रोब, अर्थात जलरोधक इलेक्ट्रॉनिक फ्लॅश. मात्र ते महाग असते. महाविद्यालयीन प्राणिशास्त्र विभागाने ते केव्हा घ्यावे व कसे वापरावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पाणी आणि प्रकाश :
पाणी तांबडा प्रकाश सर्वप्रथम शोषते. स्वच्छ समुद्रातही सुमारे ५ मीटर खोलीवर तांबडा रंग बराचसा नाहीसा होतो. पुढे नारिंगी व पिवळा क्षीण होऊन दृश्य निळसर-हिरवे दिसते. १९२६ मध्ये फ्लोरिडाजवळ लाँगली व मार्टिन यांनी पाण्याखालील पहिली रंगीत छायाचित्रे घेतली, तेव्हा प्रकाशासाठी मॅग्नेशियमची भुकटी पेटवावी लागली होती. स्ट्रोबचा प्रकाशही या शोषणातून सुटत नाही. १ मीटरवरील माशापर्यंत जाऊन परतताना तो २ मीटर पाणी कापतो. म्हणून शक्तिशाली स्ट्रोबनेही साधारण दीड मीटरपलीकडे रंग समाधानकारक मिळत नाहीत.

निवडीचे निकष :
(१) गाइड नंबर हवेतील असल्यास पाण्यात तो सुमारे एक-तृतीयांश धरावा.
(२) रुंद दृश्यासाठी सुमारे १०० अंशांचा प्रकाशकोन हवा. लहान प्राण्यांच्या निकटचित्रणास अरुंद कोन पुरतो.
(३) फायबर-ऑप्टिक केबलमधून केवळ प्रकाश जातो. त्यामुळे विद्युत जोडणीत पाणी शिरण्याचा धोका टळतो.
(४) अधिक शक्तीपेक्षा स्ट्रोब कॅमेऱ्यापासून दूर धरणाऱ्या, सांधे असलेल्या दांडीवरील खर्च अधिक उपयुक्त होय.

वापर :
कॅमेऱ्याच्या अंगच्या फ्लॅशने भिंगासमोरील तरंगते कण उजळतात व चित्रात पांढरे ठिपके उमटतात. यासाठी स्ट्रोब बाजूला नेऊन किंचित बाहेर वळवावा. प्रकाशझोताची केवळ कड माशावर पडावी. अपवर्तनामुळे पाण्यातील वस्तू सुमारे एक-चतुर्थांश जवळ भासते. भासणाऱ्या जागेवर नेम धरल्यास प्रकाश अलीकडेच पडतो, याचेही भान ठेवावे.

स्थानिक संदर्भ :
१९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्यातील प्रवाळ असोत, वा विजयदुर्गपासून सुमारे १०५ किलोमीटरवरील, माथा सुमारे २० मीटर खोल असलेली आंग्रिया बँक असो, तेथे रंगांच्या नोंदीसाठी स्ट्रोब अत्यावश्यक ठरतो. जव्हार-मोखाड्यात परिस्थिती वेगळी आहे. पावसाळ्यात ओढे गढूळ असतात; तेव्हा स्ट्रोब मासा नव्हे, गाळच उजळतो. पावसाळ्यानंतर पाणी निवळते, परंतु उथळ ओढ्यात तांबडा रंग फारसा शोषला जात नाही व सूर्यप्रकाशच पुरेसा होतो. येथे काठावर काचेची अरुंद टाकी ठेवून, ओढ्याच्याच पाण्यात मासा क्षणभर ठेवावा. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत साधे फ्लॅश लावून चित्र घ्यावे व मासा त्वरित सोडावा. कपारींच्या सावलीत किंवा खोल डोहात मात्र लहान स्ट्रोब उपयोगी पडतो.

समारोप :
स्ट्रोबचे कार्य अंधार दूर करणे एवढेच नसून जवळच्या वस्तूचा हरवलेला रंग परत आणणे हे आहे. त्यामुळे खरेदीचा निर्णय उपकरणाच्या शक्तीवरून नव्हे, तर पाण्याची खोली, गढूळपणा व विषयाचे अंतर पाहून घेणे इष्ट होय.